बाळंतिणीचा पिंजरा

नाचारम, हैदराबाद
८ जून १९९५

अक्का,

वेमुलवाड्याच्या राजन्नाच्या दयेने घरात मुलगी आली. स्वरूपा आणि बाळ दोघी सुखरूप आहेत. बाळाचं नाक तुझ्यासारखं बसकं आहे, असं सत्यव्वा म्हणते. माझी बायको हे कौतुकाने म्हणते की टोमणा मारते, ते इतक्या वर्षांच्या संसारानंतरही मला ओळखता येत नाही. तुझ्या गंगाधरला बाहरीनला तार केली आहे. माझी लेक तुला सून म्हणून दिली तेव्हाच ठरलं होतं, की आपण बहीण-भाऊ एकाच दिवशी म्हातारे होणार. झालो.

राजमणीताई, तुम्ही अंगणवाडीत पोरांना शिकवता तेवढ्या मोठ्या आवाजात हे पत्र अक्काला वाचून दाखवू नका. मी ते अक्काला लिहिलं आहे, तिच्या ओट्यावर विड्या वळायला बसलेल्या बायांना नाही.

अक्का, तुझा राग गेलेला नाही हे मला माहीत आहे. ओटी भरायच्या आधीच, पाचव्या महिन्यात मी स्वरूपाला इकडे घेऊन आलो. बसस्टँडवर तू म्हणालीस, "माझ्या घरात काय सुनेला घालायला ज्वारी नव्हती?" मी स्वरूपाला बसमध्ये चढवलं. पोरीला उलट्या होत होत्या, आणि उलट्यांपेक्षा मला तिचं गप्प बसणं बघवत नव्हतं. गंगाधर परदेशी गेल्यापासून ती तशीच होती. तुला तो माज वाटला.

आता एक मागतो. एकविसाव्या दिवशी पाळण्याला येतेस असा निरोप तू बसवाल्याबरोबर पाठवलास. इतक्यात येऊ नकोस.

रागावू नकोस, आधी ऐक. मी कुठे काम करतो ते तुला ठाऊक आहे. तू सगळ्यांना सांगतेस, "आमचा लिंगा सरकारी उंदरांची धुणीभांडी करतो." खरंच आहे ते. पण संशोधन संस्थेच्या त्या प्राणिघरात एक नियम आहे. मादी व्याली की तिच्या पिंजऱ्यावर लाल चिठ्ठी लावायची. मग पहिले काही दिवस भुसा बदलायचा नाही, झाकण उघडायचं नाही, नव्या माणसाने खोलीत पाऊल टाकायचं नाही. परका वास आला, आवाज झाला, की ती बिथरते. बिथरली की स्वतःची पिलंच तोंडात धरते, आणि त्यांना हलवण्यासाठी धरत नाही. मी ते पाहिलं आहे. सकाळी पिंजऱ्यात काय शिल्लक असतं ते तुला लिहीत नाही.

म्हणून मी घराच्या दाराला कडुलिंब बांधला आहे आणि सगळ्यांना सांगितलं आहे, कोणी येऊ नका. मालिशवालीला परत पाठवलं. शेजारच्या बायका गाणी म्हणायला येणार होत्या, त्यांनाही नको म्हटलं. सत्यव्वा माझ्याशी भांडली. म्हणाली, "माझी लेक काय उंदरीण आहे?" मी म्हटलं, देवाने आई एकाच साच्यातून काढली आहे, मग ती केवढीही असो.

पोरीला शांतता लागते आहे. मागच्या खोलीत अंधार केला आहे. निर्गुडीचा पाला आणून ठेवला आहे.

तुझा,
लिंगा


नाचारम
२९ जून १९९५

अक्का,

तू पत्राचं उत्तर दिलं नाहीस, पण सुंठ आणि जुन्या लुगड्यांच्या दुपट्यांचं गाठोडं पोचलं. म्हणजे तुझा राग माझ्यावर आहे, नातीवर नाही. बरं वाटलं.

इकडे सगळं ठीक आहे. पाळणा पुढे ढकलला आहे. स्वरूपा थोडी थकलेली आहे, एवढंच. पहिलटकरणीला वेळ लागतो. बाळ बाटलीचं दूध घेतं. स्वरूपाला दूध नाही असं नाही, भरपूर आहे, पदर भिजतो. पण तिला अजून ते नीट जमत नाही. झोपही नीट लागत नाही तिला. दुपारी मी डबा खायला घरी जातो, तर ती भिंतीकडे तोंड करून बसलेली असते आणि बाळ चटईवर हातपाय हलवत असतं. मी म्हणतो, "घे गं तिला." ती घेते. जशी कोणाची तरी वस्तू सांभाळायला घ्यावी, तशी घेते.

आमच्याकडे एका मादीची पिलं दुसरीच्या पोटाशी घालायची असतील, तर त्या दुसरीच्या जुन्या भुशात ती पिलं हलक्या हाताने घोळवतात. तिला स्वतःचा वास आला की ती त्यांना आपली मानते. मी परवा स्वरूपाचं न धुतलेलं पोलकं बाळाला गुंडाळून पाहिलं. सत्यव्वाने बघितलं आणि आत निघून गेली. हे तुला का लिहिलं, कळत नाही. राजमणीताई, हे वाचू नका.

प्राणिघरात सध्या कुरियन मॅडमचा मोठा प्रयोग चालू आहे. मॅडम केरळच्या, बुटक्या, बोलायला तिखट, पण प्राण्याला सुई टोचताना आधी स्वतः श्वास रोखून धरतात. उंदरांच्या अंगातली हार्मोन कमी-जास्त केली की स्वभाव कसा बदलतो, ते त्या बघतात. नराचे अंडकोष काढले तर तो भांडायचं विसरतो. मग तेच हार्मोन सुईतून परत दिलं की पुन्हा शेजाऱ्याची शेपटी चावतो. माझ्याबरोबर काम करणारा याकूब त्यावर म्हणतो, "लिंगम, आमच्या मेहुण्याला मॅडमकडे पहिल्याच सोमवारी आणतो. पण परत सुई देऊ नका म्हणावं."

पण मला माद्यांचं जास्त वाटतं. कधी न व्यालेली मादी असते. तिच्यासमोर पिलू ठेवलं तर काही जणी त्याला हुंगून दूर जातात, आणि एखादी चावतेही. तिला गर्भारपणातल्यासारखी हार्मोन क्रमाने दिली, की हीच मादी पिलांना एकेक करून कोपऱ्यात नेते, घरटं करते, त्यांच्यावर पसरून बसते. मी हे पिंजऱ्यासमोर उभा राहून पाहिलं आणि मनात हात जोडले. देव सुईतून कसा येतो, ते मला सांगता येत नाही. पण आला, एवढं दिसलं.

मग मी मॅडमना विचारलं, "हे बाईला देता येतं का?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "कोणासाठी विचारता, राजलिंगम?"

"असंच, मॅडम."

"बाई म्हणजे मोठा उंदीर नाही हो," म्हणाल्या, आणि त्यांना कोणीतरी हाक मारली म्हणून गेल्या.

सगळं ठीक आहे. काळजी करू नकोस.

लिंगा


नाचारम
१२ जुलै १९९५

अक्का,

रविवारी तू न कळवता आलीस, हा तुझा हक्क होता. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

त्या दिवशी आमच्याकडे देवीचा बोनालूचा सण होता. सत्यव्वा डोक्यावर भाताची घागर आणि दिवा घेऊन पोशम्माच्या देवळात गेली होती. मी कामावर होतो. उंदरांना रविवार नसतो, पाणी रोज लागतं. घरी स्वरूपा आणि बाळ दोघीच. मला वाटलं, घटकाभराचा प्रश्न आहे. मी आलो तेव्हा दार सताड उघडं होतं, स्वरूपा भिंतीला टेकून बसली होती, आणि शेजारची सूर्यकलाम्मा मला बघून पदराने तोंड झाकून रडायला लागली. तिने सांगितलं ते सगळं मी ऐकलं. तू पाहिलंस तेच ऐकलं.

बाळ मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर उन्हात होतं. दार आतून लावलेलं होतं. तू बाळाला पदराखाली घेऊन दार वाजवलंस. स्वरूपाने बऱ्याच वेळाने उघडलं. तू विचारलंस, "ही बाहेर कशी?" ती म्हणाली, "कोणीतरी न्यायला येणार होतं. तुम्ही आलात का? घेऊन जा." आणि परत आत जाऊन बसली.

तू सूर्यकलाम्माला म्हणालीस, "लेकरू उचललं तरी पोरीचा हात वर झाला नाही. अहो, मांजरीच्या पिलाला हात लावा, ती फिस्कारते! ही आई आहे का?" आणि आल्या पावली बाळाला घेऊन जगत्यालच्या बसने आपल्या घरी गेलीस.

मी तुझ्या जागी असतो तर मीही बाळ उचललं असतं. ऊन कडक होतं.

पण अक्का, मागच्या पत्रात मी सगळं ठीक आहे असं लिहिलं होतं, ते ठीक नव्हतं. ती झोपत नव्हती. आधी एक दिवस तिने मला विचारलं होतं, "बापू, हे कोणाचं लेकरू आहे? त्याची आई शोधत असेल ना?" मी म्हटलं, "तुझंच आहे, वेडे." तिने मान हलवली, मोठी माणसं लहानाचं मन राखायला हलवतात तशी. हे मला कळलं होतं. मी कोणाला सांगितलं नाही. मला वाटलं, आवाज न करता थोडे दिवस काढले की जागेवर येईल.

बाळाला कोणतं दूध घालतेस? पाणी उकळून घे. सूर्यकलाम्मा म्हणते, तू नुसतं टॉवेलमध्ये गुंडाळून नेलंस. दुपटी तुझीच इथे राहिली आहेत.

लिंगा


नाचारम
६ ऑगस्ट १९९५

अक्का,

राजमणीताईंच्या हातचं तुझं कार्ड आलं. "पोरीला कोंडगट्टूला अंजन्नापाशी एक मंडल बसव. बरी झाली की बघू."

अंजन्ना मारुतीवर माझा विश्वास तुझ्याइतकाच आहे. शनिवारचा उपास मी सोडलेला नाही. डोकं फिरलेली किती माणसं त्या डोंगरावर चाळीस दिवस झोपून, प्रदक्षिणा घालून चांगली होऊन उतरली, ते आपण दोघांनी लहानपणापासून पाहिलं आहे. मी स्वरूपाला विचारलंही. ती म्हणाली, "देवाला मी नाही म्हणत नाही, बापू. पण तिथे मला वेडी म्हणून बसवायचंय. उद्या खाली उतरले तरी आत्या वेडीच म्हणेल." आणि डॉक्टर म्हणतात, गोळी एक दिवसही चुकवायची नाही, जवळ माणूस हवं, झोप हवी. देवळाच्या ओसरीवर हे कसं जमावं?

डॉक्टरकडे कसे गेलो, ते सांगतो. तू बाळ नेल्यावर दुसऱ्या दिवशी मी कुरियन मॅडमसमोर जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"तिच्याजवळ कोण असायचं?"

"कोणी नाही, मॅडम. मी कोणाला येऊ दिलं नाही. लाल चिठ्ठी लावल्यासारखं ठेवलं."

 मॅडम म्हणाल्या, "उंदरीण एकटीच विते, राजलिंगम. तिला तेच लागतं. बाईला आजवर कोणी एकटीला बाळंत होऊ दिलंय का? बाईला आई लागते, मालिशवाली लागते, रात्री लेकरू घेणारा हात लागतो. भांडणारी सासूसुद्धा लागते." मग खुर्ची मागे सारून उठल्या. "त्या दिवशी तुम्ही इंजेक्शनचं विचारलंत, तेव्हाच मला उठायला हवं होतं. चला."

त्याच आम्हांला सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाई तरुण आहे. तिने सांगितलं, हा बाळंतपणानंतरचा आजार आहे. तो थोड्याच बायकांना होतो, पण होतो. पोरगी वाईट नाही, आणि कोणी करणीही केलेली नाही. बाळ पोटातून बाहेर येताच अंगातली हार्मोन एकदम कोसळतात, झोप तुटते, आणि काही जणींचं मन त्याबरोबर घसरतं. असंच का होतं, ते पुरतं कोणाला कळलेलं नाही, हेही तिने सांगितलं. औषधाने माणूस बरं होतं, एवढं मात्र ठामपणे म्हणाली.

आता तुझ्या त्या बोलण्याचं उत्तर देतो. मांजरीचं.

मॅडमच्या प्रयोगात अंगावर पाजणाऱ्या उंदरिणीच्या पिंजऱ्यात परका नर सोडतात. एरवी नराला बघून कोपरा धरणारी ती एवढीशी मादी त्याच्या अंगावर अशी जाते, की झाकण उघडून त्याला काढताना याकूबच्या बोटाला चावे बसतात. पण आदल्या दिवशी तिची पिलं काढून घेतली, तर दुसऱ्या दिवशी तीच मादी त्या नराला नुसती हुंगते. शेजारी बसू देते. पिलं अंगाला लुचत नसली की आतली ती धार उतरते. ती तीच मादी असते, अक्का. तिने पिलांवरची माया विकलेली नसते.

माझी पोर बाळ जवळ असूनही त्याच्यापासून तुटलेली होती. तिच्या हातात ती धार कुठून येणार? म्हणून हात वर झाला नाही. मॅडम म्हणतात, उंदरावरून बाईचं असं थेट काढू नका. मी काढतो आहे, कारण माझ्याकडे दुसरं काही नाही.

स्वरूपा आता झोपते. परवा तिने स्वतः केस विंचरले. दूध येतं तेव्हा मोरीत जाते आणि बराच वेळ बाहेर येत नाही. बाळ पाठव, अक्का. सत्यव्वा जवळ राहील, मालिशवालीला बोलावलं आहे, शेजारणी येतात, घर बाजारासारखं झालं आहे.

गंगाधरचा फोन संस्थेच्या ऑफिसात आला होता. म्हणाला, "मामा, आई म्हणेल तसं." एवढं बोलायला समुद्र ओलांडून फोन केला.

लिंगा


नाचारम
२७ ऑगस्ट १९९५

अक्का,

तुझ्याकडून परत आलो. अंबाडीची चटणी सांडली नाही, बरणी नीट पोचली.

मी काय करायला आलो होतो, ते तुला पहिल्या घासालाच कळलं होतं. तू भाकरी थापत होतीस आणि बाळ तुझ्या मांडीवर आडवं होतं. एका हाताने भाकरी, एका हाताने थोपटणं. ओट्यावरच्या बाया मला बघून विड्या वळता वळता हसल्या. म्हणाल्या, "मामा आला, भाचीची वाटणी मागायला!" तू त्यांना झापलंस, "भाची नाही गं, नात आहे त्याची. तुम्ही पानं कापा." मग मला म्हणालीस, "नरसव्वा नाव ठेवलंय. आपल्या आईचं." मला माहीत नव्हतं. नावही माझ्या पोरीच्या गैरहजेरीत ठेवलं गेलं.

बाळ भरलं आहे. मांडीला वळ्या आल्या आहेत. तू हाक मारलीस की तुझ्याकडे मान वळवतं. मी घेतलं, तर ओठ काढून रडलं.

जेवण झाल्यावर तू बायांना घरी पाठवलंस आणि म्हणालीस, "लिंगा, दे म्हणालास तर देते. पण माझ्याकडे बघून म्हण."

मी तुझ्याकडे बघितलं.

आई गेली तेव्हा मी पाळण्यात होतो आणि तू परकरात होतीस. तू मला कडेवर घेऊन विड्यांच्या कारखान्यात जायचीस. तुझी थट्टा व्हायची, "लग्नाआधीच लेकरू!" हे मला आठवत नाही, लोकांनीच सांगितलं आहे. परवा ते डोळ्यांनी पाहिलं. बाळ किरकिरायला लागलं, तशी तू चोळीची गाठ सैल केलीस आणि त्याला कोरड्या छातीशी धरलंस. मी बघतो आहे, याचंही तुला भान नव्हतं. ते लुचत राहिलं, गप्प झालं, आणि तुझा चेहरा असा झाला, की मी उठून पाणी प्यायला गेलो.

कधी न व्यालेल्या मादीचं मी तुला लिहिलं होतं, सुया दिल्या की ती आई होते. एक गोष्ट लिहायची राहिली होती. सुई न देताही होते. तिच्याजवळ पिलं ठेवायची. आज ती लांब पळते, उद्याही पळते. पण पिलं रोज समोर राहिली, रोज तिच्या अंगाला लागली, की एक दिवस ती त्यांना तोंडात धरून कोपऱ्यात नेते. कोणी तिला काही दिलेलं नसतं. पिलांनीच तिला आई केलेलं असतं. मग ती पिलं काढून घ्यायला हात घातला, तर तीही सोडत नाही.

मी "दे" म्हणू शकलो नाही. एकदा मी मोठा होऊन सुटलो, आता तुझ्या हातून दुसऱ्यांदा लेकरू सुटावं, आणि ते मी सोडवावं, हे माझ्या तोंडातून निघालं नाही. "येतो" म्हणालो आणि बरणी उचलली.

घरी दारातच स्वरूपा उभी होती. तिने माझ्या मागे बघितलं, मग रस्त्याकडे. मग बरणीकडे बघितलं.

"बापू, तू मागितलंसच नाहीस ना?"

मी म्हटलं, "बाळ चांगलं आहे. मांडीला वळ्या आल्यात."

ती आत गेली. दूध आता आटलं आहे.

अक्का, मला सांग, मी काय करू? तुझ्यापुढे उभा राहिलो की तू खरी वाटतेस, तिच्यापुढे उभा राहिलो की ती. सत्यव्वा म्हणते, "तुम्ही दोघींचे आहात म्हणून कोणाच्याच कामाचे नाही." देवळात गेलो, तर पुजाऱ्याने संकल्प विचारला. मी नुसतं गोत्र सांगितलं.

लिंगा


नाचारम
१४ सप्टेंबर १९९५

अक्का,

अक्षर वाकडं आलं आहे, राजमणीताईंनी समजून घ्यावं. उजवा हात सुजला आहे.

स्वरूपा आज पहाटेच्या बसने तुझ्याकडे निघाली. सत्यव्वा बरोबर आहे. हे पत्र तुला मिळेल तेव्हा त्या पोचून एक-दोन दिवस झालेले असतील. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. तरी लिहितो. मला दुसरं काही करता येत नाही.

काल संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "उद्या मी जगत्यालला जाते." मी म्हटलं, "बतुकम्मा होऊ दे. सणाला आत्याचं मन मऊ असतं. मी पुन्हा एक पत्र लिहितो." तिने ताट भिंतीवर फेकलं. आमच्या घरात भांडं कधी असं वाजलं नव्हतं.

"पत्र! तुझ्या पत्रांवर बसले तर माझं लेकरू रांगायला लागेल, बापू!"

मी म्हटलं, "तूच म्हणाली होतीस, घेऊन जा."

म्हणायला नको होतं. ती उठली. म्हणाली, "म्हणाले होते! तापात माणूस काय वाट्टेल ते बोलतं, ते धरून बसता का तुम्ही? माझ्या तोंडात कोणी आलं होतं बोलायला, ती मी नव्हते. आता मी आहे. आता मला कोणी विचारतंय का?"

सत्यव्वा रडत रडत भात गोळा करत होती. मी जाऊन दारात उभा राहिलो. का राहिलो, माहीत नाही. ती संध्याकाळी थोडीच निघणार होती? तिने दोन्ही हातांनी मला ढकललं. मी चौकटीवर पडलो, हात अंगाखाली आला. लहानपणी माझ्या बोटाला धरल्याशिवाय रस्ता न ओलांडणारी पोर. तिने मला उठवलं नाही. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू येऊ नकोस. तू आलास की आत्याकडे बघशील आणि गप्प बसशील."

खरं आहे. म्हणून मी आलो नाही.

पहाटे तिने स्वतः गोळी घेतली. बाकीच्या गोळ्या सत्यव्वाच्या पिशवीत आहेत, एका पुडीत आठवड्याच्या. पदराला तू पाठवलेलं एक दुपटं बांधून घेतलं. बसमध्ये खिडकीशी बसली आणि बस सुटेपर्यंत समोर बघत राहिली. कंडक्टरने विचारलं, "कुठे, अम्मा?" तर ती एवढ्या मोठ्याने "जगत्याल" म्हणाली, की पुढची माणसं वळून बघायला लागली.

मी तुला ओळखतो. तू लेकरू देणार नाहीस. तिलाही आता ओळखतो, ती हात पुढे करेल. तू कडेवर घट्ट धरशील, ती ओढेल. ओट्यावरच्या बाया उठून मधे पडतील. ती तुला नको ते बोलेल. कदाचित हातही उचलेल. तू मोठी, तिची आत्या, तिची सासू. असं कोणी पाहिलेलं नसेल आपल्या घरात.

अक्का, ती गप्प बसली होती, तेव्हा तू म्हणालीस, ही आई नाही. आता ती ओरडली, तर ही वेडी आहे असं म्हणू नकोस. एवढंच मागतो. गप्प राहिली तरी दोष, ओरडली तरी दोष, मग तिने लेकरू कसं मागावं, ते तूच सांग.

लेकरू घाबरेल. रडेल. दोघींपैकी कोणाकडे झेपावेल, ते मला माहीत नाही, आणि जिच्याकडे झेपावेल, तिच्यासाठी मला बरं वाटणार नाही, दुसरीसाठी वाईट वाटेल.

राजन्नापुढे दिवा लावला आहे. दोघींपैकी कोणासाठी काय मागायचं ते ठरेना, म्हणून काहीच न मागता तेल संपेपर्यंत बसणार आहे.

तुझा,
लिंगा